नागोठण्याला उतरवा

माहिराने आपल्या नव्या टूरिस्ट गाडीच्या पहिल्याच गिऱ्हाइकांना फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "पेण-वडखळच्या गर्दीत पडू नका. ट्रेनने रोह्याला या, पुढे काशीदपर्यंत माझी गाडी. कसलाच त्रास नाय."

आता ट्रेन रोह्याला येऊन रिकामी झाली होती आणि डोंबिवलीच्या दोघी बहिणींचा पत्ता नव्हता. माहिरा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आली. तेवढ्यात धाकटीचा, मृणालीचा फोन लागला.

"तासभर उभ्या आहोत आम्ही पेण स्टेशनबाहेर! गाडी कुठंय?"

"पेण? मी रोह्याला आहे, ताई."

"तुम्हीच पेण म्हणाला होतात ना?"

माहिराला फोनवरचं आपलं बोलणं आठवलं. गाडी घेऊन पेणला जावं, तर सुट्टीचा दिवस. वडखळला अडकली की दुपार तिथंच. तिने दोघींना एसटी स्टँडवर जाऊन रोह्याच्या बसमध्ये बसायला सांगितलं. थोरल्या रोहिणीताईंचे गुडघे दुखतात, हे आठवल्यावर मात्र तिला उभं राहवेना. दर दहा मिनिटांनी रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून अब्बांचा फोन. आयुष्यभर मिनीडोर रिक्षा चालवलेला तो माणूस.

"आली काय गो तुझी पाव्हणी?"

"नाय अब्बा. फोन ठेवा."

शेवटी तिने गाडी चालू केली आणि बसमधल्या मृणालीला फोनवर सांगितलं, "फोन कंडक्टरकडे द्या जरा."

"भाऊ, त्या दोघींना वाटेत नागोठण्याला उतरवा. मी गाडी घेऊन येते. एकीचे गुडघे दुखतात, रोह्यापर्यंत ताटकळायला नको."

"तू कोणाची?"

"अष्टमीच्या इद्रीसभाई मिनीडोरवाल्यांची."

"मंग काय! उतरवतो. पन वडखळला मुंगीच्या पावलानं चाललोय, हां."

नागोठण्याच्या स्टँडवर ती पाऊण तास उभी होती. प्रत्येक लाल बसकडे धावत जायची आणि परत यायची. पाण्याची बाटली उघडायची, न पिताच बंद करायची. अखेर एका बसमधून कंडक्टर आधी उतरला आणि त्याने हात धरून रोहिणीताईंना खाली घेतलं.

मृणालीचं तोंड लाल. "कसलाच त्रास नाही म्हणाला होतात."

माहिराला खूप काही सांगायचं होतं. तिने एवढंच म्हटलं, "माझी चूक. नको तिथलं नाव घेतलं, आणि उतरायचं ते ठासून सांगितलं नाय."

रोहिणीताई मागच्या सीटवर पाय लांब करत म्हणाल्या, "मृणू, पुरे. समुद्र काही पळून नाही जात."

चणेऱ्याच्या रस्त्याला लागल्यावरही माहिराची नजर घड्याळावरच. काशीदला पोचायला साडेतीन वाजले. दोघी पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या, मृणालीसुद्धा हसली. माहिरा मात्र परतीच्या ट्रेनचा हिशेब करत गाडीपाशीच येरझाऱ्या घालत होती.

संध्याकाळी रोह्याला तिने त्यांना स्टेशनच्या दारात सोडलं नाही. फलाटावर नेलं, जागेवर बसवलं, शेजारच्या बाईला सांगितलं, "यांना दिव्याला उतरून डोंबिवलीची गाडी धरायचीय. दिवा." मग ट्रेन सुटून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.