चारची भूक

दुपारचे चार वाजले की गुणवंतरावांच्या पोटात कावळे ओरडू लागत. एकला नाही, दोनला नाही, बरोबर चारला. मुलगा निकेत आणि सून सुरुची सकाळीच आमटी-भात झाकून कामावर जात, आणि मीरा रोडच्या त्या चौथ्या मजल्यावर म्हातारा एकटा, उपाशी बसून राही.

याला कारण त्यांची बायको उर्मिला. हाटकेशला एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. सकाळची शिफ्ट संपवून, शेअर रिक्षा धरून घरी यायला तिला चार वाजत. स्वतःची गोदामातली नोकरी संपल्यापासून गुणवंतराव जेवण रांधून तिची वाट बघत. "जेवून घ्यायचं ना ओ," असं ती रोज ओरडायची, आणि रोज खूशही व्हायची. तिला जाऊन वर्ष झालं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांच्या पोटाची खोड तर बायको मेल्यावरही गेली नव्हती.

मग एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले. शुगरच्या गोळ्या आणि रिकामं पोट, दुसरं काय होणार? डॉक्टरीणबाईंनी आधी फैलावर घेतलं, मग समजावलं.

"बाबा, रिकाम्या पोटातून एक हार्मोन निघतं, घ्रेलिन. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि खायला मागतं. तुमची रोजची जेवायची वेळ ते शिकून ठेवतं. तुम्ही एकला जेवायला लागा. थोड्या दिवसांत भूकही एकला येईल."

"आणि चारची?"

"ती जाईल."

सोबत आलेल्या सुरुचीला हायसं वाटलं. गुणवंतराव मात्र हिरमुसले. उर्मिलाच्या साड्या वाटून झाल्या होत्या, निकेत आईचं नावही क्वचित काढायचा. तिची वाट बघणारं घरात हे पोट एवढंच उरलं होतं, आणि आता त्यालाही गप्प बसवायचं होतं. पण पुन्हा पडलो तर सुनेला नोकरी सोडून घरी बसावं लागेल, हे तिने न सांगताही त्यांना कळत होतं.

ते एकला जेवू लागले. घास नुसता तोंडात फिरायचा. चारला कावळे ठरल्याप्रमाणे येत, तेव्हा म्हातारा मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंना वाकुल्या दाखवी. काही न खाता तसाच बसून राही. त्या वेळेपुरतं त्याला एकटं वाटत नसे.

मग एक दिवस एकलाच कडकडून भूक लागली. आमटीही फक्कड झाली होती. त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला, ताट पुसून खाल्लं आणि टीव्हीवर कुस्त्या बघत बसले.

संध्याकाळी सुरुचीने चपला काढता काढता विचारलं, "बाबा, आज चारला भूक लागली का ओ?"

गुणवंतराव दचकले. चार कधी वाजून गेले, त्यांना ठाऊकच नव्हतं.

"लागली ना," ते खोटंच बोलले.

"जाईल हळूहळू," म्हणत ती चहा टाकायला गेली. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. उर्मिलाची यायची वेळ होऊन गेली होती, आणि आज तिच्यासाठी घरात कुणीच उपाशी थांबलं नव्हतं.