खाली काढलेली खुर्ची

त्या घरात फोटो काढायची परवानगी मिळाली तेव्हा अट एकच होती. काहीही हलवायचं नाही, जे जसं आहे तसंच घ्यायचं. मी लगेच मान डोलावली. मान डोलवायला माझं काय जात होतं!

हॉलंडमध्ये उट्रेख्तच्या पुढे बसने पाऊण तास गेलं की ते घर असलेली वस्ती लागते. साध्या राहणीच्या एका पंथाने ती अडीचशे वर्षांपूर्वी वसवली. लग्न करायचं नाही, दागिना घालायचा नाही, भिंतीवर चित्र लावायचं नाही, मिळून राबायचं नि मिळून जेवायचं. अमेरिकेतल्या शेकर लोकांसारखेच हे. आता लग्नच करायचं नाही म्हटल्यावर माणसं वाढणार कुठून? २०१४ साली तिथे एकच बाई उरली होती, सत्त्याऐंशी वर्षांची आलायडा. मी त्यांना मनातल्या मनात आलायडाबाई म्हणायची.

आणि मी पद्मजा, अ‍ॅमस्टेलव्हीनची. नवऱ्याच्या व्हिसाला लटकून इथे आले आणि आता आपल्या लोकांची बारशी नि वाढदिवस यांचे फोटो काढते. 'हसा, अजून थोडं हसा' म्हणून माझाच जबडा दुखतो. चंद्रहासची नोकरी आइंडहोवनला. तिथेच खोली घेऊन राहतो, शुक्रवारी येतो, रविवारी जातो, आणि हल्ली बरेच शुक्रवार हुकतात. मुलगी शिकायला ग्रोनिंगनला. तिला मराठीत काही विचारलं तर सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं, तेही दोन शब्दांचं. खोटं कशाला बोलू, त्या घरी मी दर बुधवारी फोटोंसाठी जायचे तितकीच तो दिवस कुठेतरी घालवायला जायचे.

आमच्या वाचनालयाने माझ्या दहा फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं. माझ्या नावाचं, आयुष्यातलं पहिलं. नऊ फोटो झाले होते. दहावा काही केल्या मिळेना, आणि माझी चिडचिड सुरू झाली.

त्या घरात भिंतीला चारी बाजूंनी लाकडी खुंट्यांची पट्टी आहे. खुर्ची वापरात नसली की ती उलटी करून खुंटीला टांगायची, म्हणजे बैठकीवर धूळ बसत नाही. कुणी येणार असेल तर तेवढ्यापुरती त्याच्यासाठी एक खाली काढायची, तो गेला की परत वर. आलायडाबाईंनी हे मला पहिल्याच बुधवारी सांगितलं होतं. मी हो हो म्हणाले. माझं सगळं लक्ष खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे होतं.

मार्चमधल्या त्या दुपारी बाई आत जरा पडल्या होत्या. पुढच्या खोलीत तिरपं ऊन आलं होतं. माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मी खुंटीवरची एक खुर्ची उतरवली आणि खिडकीशी ठेवली. पांढरी भिंत, ऊन आणि रिकामी खुर्ची. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. तेवढ्यात घड्याळ पाहिलं तर बसला चार मिनिटं! बॅग उचलली आणि धावत सुटले.

पुढच्या बुधवारी गेले तर पुढच्या खोलीत शेगडी पेटलेली. एरवी ती खोली गार असते. टेबलावर दोन कप, झाकून ठेवलेला केक, आणि खुर्ची मी ठेवली होती तिथेच. आलायडाबाई धुतलेली पांढरी कॉलर लावून समोर बसल्या होत्या. त्या हळूहळू सांगायला लागल्या. गेल्या बुधवारी संध्याकाळी त्यांना ही खुर्ची खाली दिसली. घरात दुसरं कोण आहे? म्हणजे आपणच काढली असणार, म्हणजे कुणीतरी यायचं कबूल केलं असणार. पण कोण, ते आठवेना. त्यांनी जुनी पत्रं काढून पाहिली, त्यातही काही सापडलं नाही. तेव्हापासून त्या रोज सकाळी शेगडी पेटवून इथे बसत होत्या. सात दिवस.

"पद्मजा, मी तुला काही बोलले होते का? कोण येणार आहे?"

खरं सांगितलं तर फोटो गेला, परवानगी गेली, बुधवारही गेले. मी निर्लज्जपणे सांगून टाकलं की मीच येणार होते, माझ्यासाठीच काढली असेल.

त्यांनी मान हलवली. "तुझी खुर्ची स्वयंपाकघरात असते. बुधवारी सकाळी उठल्यावर पहिली तीच काढते मी."

चार महिने मी त्या खुर्चीवर बसून कॉफी पीत होते. मला वाटायचं, असते तिथे एक खुर्ची. घरातली खुंटीन् खुंटी मी कॅमेऱ्यातून पाहिली होती आणि हे एवढं दिसलं नव्हतं. स्वतःचा असा राग मला कधी आला नव्हता. मग मी सांगितलं, खुर्ची मी काढली, फोटोसाठी, आणि तशीच टाकून गेले.

आधी त्यांचा चेहरा सैल झाला. आपलं डोकं शाबूत आहे याचं बरं वाटलं असावं. मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं.

"म्हणजे कुणीच येणार नाहीये."

"नाही," मी म्हटलं.

त्या उठल्या आणि खुर्ची उचलायला गेल्या. मी पुढे होऊन ती त्यांच्या हातातून घेतली आणि टांगली. त्यांनी शेगडी विझवली. मी कॅमेऱ्यातला तो फोटो त्यांच्यासमोर पुसला, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मग मी स्वयंपाकघरात जाऊन माझी खुर्चीही टांगली आणि निघाले. पुन्हा ये, असं त्या म्हणाल्या नाहीत.

वाचनालयाला नऊच फोटो कळवले. तो शुक्रवारही चंद्रहासचा हुकला. घरी टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या बघून मला कसंतरीच व्हायला लागलं.

बुधवारी कॅमेरा घरी ठेवला आणि गेले. दार वाजवायचा धीर होईना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत पाहिलं. खाली दोन खुर्च्या होत्या. मी तिथेच उभी राहून रडायला लागले. आलायडाबाईंनी दार उघडलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, कॉफी निवते आहे.