अप्पांनी दिलेली दुर्बीण

छऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण घ्यायची तर काय बघायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघून बघून शिकलो. सहा महिने. आणि तरी चुकीची घेतली. माहीत असून घेतली. ते कसं झालं ते सांगतो.

मी सुदाम. लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर अभ्यासिकेत हजेरी घेतो. चारशे पोरं, सगळी नीटवाली. मी पण दोनदा दिलती नीट. दोनदा गेली. घरी जायला तोंड नव्हतं म्हणून तिथंच राहिलो. आधी फी भरायचो, आता पगार घेतो, एवढाच फरक. खोली तीच.

गाव आमचं किल्लारीच्या पट्ट्यातलं. जुनं गाव भूकंपात गेलं, हे नंतर वसवलेलं. त्र्याण्णवला आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीखाली सापडलते. दुपारपर्यंत तसेच. गावातल्याच सिद्रामप्पांनी, आमच्या अप्पांनी, नुसत्या हातानं दगड उचलून त्यांना बाहेर काढलं. असे अकरा जण काढले त्यांनी त्या दिवशी. त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं परत आलीच नाहीत.

पुढं अप्पा लातूरला आले. क्लास वाढले तसं त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान वाढलं. कॅरम, बॅडमिंटन, बक्षिसाच्या ढाली, एअरगन. आमच्या गावचा माणूस तिथं भाव करत नाही. माल उघडून बघत नाही. पिशवीत टाकायचा, पाया पडायचं, निघायचं. असं कुणी ठरवलेलं नाही. कुणी मोडलेलं पण नाही.

आता मुद्दा. आमच्या क्लासच्या मालकीण चंद्रप्रभा मॅडम. त्यांनी पार्किंगच्या तळघरात नेमबाजीची रेंज करायचं काढलं. पोरांची डोकी शांत राहावीत म्हणून. शिकवायला एक माणूस पायजे होता. डिग्री नको, एका रविवारी परीक्षा ठेवते, नेम दाखवा म्हणाल्या. पंचवीस मीटरवर पाचच्या नाण्याएवढा काळा ठिपका. वीस छर्रे. बंदूक आपली, दुर्बीण आपली, लायसन लागणार नाही अशीच बंदूक. ज्याचा नेम सगळ्यात चांगला त्याला नोकरी. दुसऱ्याला काही नाही.

मला ती नोकरी लई पायजे होती. पगारासाठी म्हणलं तर खोटं होईल, पगार थोडाच जास्त होता. पण आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी निघालं होतं जे मी कुठल्या क्लासला न जाता शिकलो होतो. आणि ते इथंच, ज्या बिल्डिंगीत मी दोनदा नापास झालो तिथंच मला कुणीतरी सर म्हणणार होतं.

बंदूक होती माझ्याकडं. जुनी, स्प्रिंगची, नळी खाली वाकवून छर्रा भरायची. दुर्बीण नव्हती. आणि पंचवीस मीटरवर उघड्या डोळ्यानं ठिपका माशीएवढा दिसतो.

तर स्वस्तातली दुर्बीण घेताना लोक फसतात ते असं. पेटीवर मोठे आकडे बघतात. नऊ पट जवळ दिसतंय, लई भारी. पंचवीस मीटरला नऊ पट काय करायचंय? चार पुरे. खरी गोष्ट दुसरीच हाय. स्प्रिंगची बंदूक आधी मागं झटका देते आणि लगेच पुढं. दोन्हीकडून. मोठ्या बंदुकीच्या दुर्बिणीला मागचा झटका सोसतो, पुढचा सोसत नाही. आतली काच ढिली होते. वरून काही कळत नाही, नुसता नेम हळूहळू सरकत जातो. म्हणून एअरगनसाठीच बनवलेली घ्यायची. आणि पुढची रिंग फिरवून जवळच्या अंतराला लावता येते का ते बघायचं. नाही लागली तर डोकं जरा हललं की आतली नेम धरायची फुली ठिपक्यावरून हलते.

शोधता शोधता नांदेडचे मुकुल सर सापडले. बँकेत आहेत, हौस म्हणून दुर्बिणी ठेवतात. चार पटीची, एअरगनचीच, पुढं रिंगवाली, त्यांना विकायची होती. सुट्टी टाकून लोह्यावरून एसटीनं गेलो. त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला खाचा पाडून त्यात दुर्बीण ठेवली, गोल फिरवून दाखवली. फुली जागची हलत नव्हती. किंमत माझ्या खिशाला परवडेल अशी सांगितली. शुक्रवारपर्यंत कुणाला देणार नाही म्हणाले. चहा पण पाजला.

त्याच दिवशी आबांना फोन करून सगळं सांगितलं. कुणाची, कुठली, कितीला. आबांना काय कळतंय त्यातलं, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं. आई तिकडून हसत म्हणाली, नवरीबद्दल बोलल्यासारखं बोलतंय पोरगं.

दोन दिवसांनी आबांचा फोन. नांदेडची नको, अप्पांकडून घे. मी म्हणलं अप्पांकडं ह्यातलं नसतंय काही, त्यांच्याकडं जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचा माल. आबा म्हणाले, घरचं दुकान असताना परक्याकडं कशाला. मी वाद घातला. आबा कधी कशाचा हट्ट धरणारे नाहीत. मी बारावीला काय घ्यावं ह्याला पण ते म्हणलते, तुला कळतं. ह्या वेळी मात्र स्वतः लातूरला आले. धुतलेलं धोतर नेसून.

अप्पांनी आम्हाला बसवलं. आतून पेटी आणली. मोठी, चकाचक, वर मोठे आकडे. तीन ते नऊ पट. चिकटपट्टी नवी कोरी. मी विचारलं, अप्पा, स्प्रिंगच्या बंदुकीवर टिकते का ही? अप्पा पेटीकडंच बघत म्हणाले, टिकती की. मी नख लावलं पट्टीला.

"काय देविदास," अप्पा आबांना म्हणाले, "पोरगं तपासून घ्यायलंय व्हय आमच्याकडचं?"

दुकानात गावचे दोघं होते, ते हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पेटी पिशवीत टाकली. मी पाया पडलो. निघताना अप्पा म्हणाले, रोज मारत बसू नको, रविवारसाठी ठेव.

मला तिथंच कळायला पायजे होतं. दुर्बीण काय लोणचं हाय का, जपून वापरायला?

मुकुल सरांना फोन करून नाही म्हणलं. ते म्हणाले, काही हरकत नाही, कालच एक जण विचारून गेला.

शनिवारी एमआयडीसीतल्या बंद तेलघाण्यामागं जाऊन लावून बघितली. पंधरा छर्रे मारले. पंधराच्या पंधरा बरोबर. मी म्हणलं, आपणच शंका घेत होतो. खोटं कशाला, अप्पांवर संशय घेतल्याची मला लाज पण वाटली.

रविवारी सात जण आलते. त्यात श्रीनाथ, अप्पांचा नातू. एकवीसचा असेल. तीनदा नीट देऊन घरी बसलेला. तो नेमबाजी करतो हे मला माहीत नव्हतं. मला बघून लाजला. म्हणाला, दादा, मी आपला बसल्या बसल्या शिकलो, आजोबाच म्हणले जा.

अकरा छऱ्यांपर्यंत मी पुढं होतो. मॅडम माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या, मला त्यांच्या चपला दिसत होत्या. बारावा दोन बोटं डावीकडं गेला. मला वाटलं श्वास चुकला. तेरावा त्याच्याही खाली. मी स्क्रू बघितले, घट्ट होते. चौदावा तर कागदावरच नाही. दुर्बीण हलवून बघितली, आत काहीतरी खळकन वाजलं. काढून उघड्या डोळ्यानं मारावं तर नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी मीच काढून ठेवलती. उरलेले सहा कुठंतरी गेले. मॅडम म्हणाल्या, सुदाम, घाबरलास का रे.

श्रीनाथ पहिला आला. नोकरी त्याला.

मी तिथंच पार्किंगच्या पायरीवर बसून दुर्बीण खोलली. आतली फुलीची काच फेविक्विकनं चिकटवलेली. आधीच कुणाच्या तरी बंदुकीवर फुटून परत आलेली, चिकटवून पेटीत घातलेली. दोनेक डझन छर्रे टिकेल एवढी चिकटवलेली.

श्रीनाथ पाणी घेऊन आला. त्याच्या बंदुकीवर चार पटीची, पुढं रिंगवाली. मी विचारलं कुठून घेतली.

"आजोबांनी आणली," तो म्हणाला. "नांदेडला कोण मुकुल सर हायत, त्यांच्याकडून."

त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मुकुल सरांचं नाव मी जगात एकाच माणसाला सांगितलतं.

बसनं गाव गाठलं तेव्हा दिवस मावळायचा होता. आबा ओट्यावर दोरी वळत बसलते. मी काही सांगायच्या आधीच म्हणाले, हात-पाय धू. मी दुर्बिणीची चिकटवलेली काच त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

मग थोडं थोडं करून बोलले. अप्पा गावात आलते म्हणे. श्रीनाथ तीन महिने खोलीतून बाहेर येत नव्हता. जेवत नव्हता. बंदूक तेवढी हातात धरायचा, तेवढंच. त्याच्या बापाला भीती वाटायची, पोरगं काही करून घेईल. अप्पांना कळलं की रेंजवर जागा हाय. आणि हे पण कळलं की देविदासचं पोरगं तिथं उतरतंय, आणि त्याच्यापुढं कुणी टिकणार नाही.

"हे अप्पांना कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच. तुझं कौतुक करत होतो." आबांनी दोरी खाली ठेवली. "तीस वर्षांत त्या माणसानं काही मागितलं न्हाई सुदाम. एक कप चहा मागितला न्हाई. त्या दिवशी माझ्यापुढं रडला."

"मग तुमचं द्यायचं होतं की काही."

"माझ्यापाशी काय हाय?" आबा म्हणाले. "तूच हाईस."

आत आई भाकरी थापत होती. थापायचा आवाज एकदा पण थांबला नाही. म्हणजे तिला पण माहीत होतं. फोनवर नवरीचं बोलून हसली होती त्याच्या नंतर कधीतरी तिला सांगितलं असणार.

मला सांगितलं असतं तर मी सोडली असती का जागा? मला माहीत नाही. कदाचित सोडली असती. श्रीनाथचं ऐकून मलाही वाईट वाटलं, खोटं नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. माझ्या हातावर हात ठेवून पिशवीत घातलं सगळं. भिंतीखालून त्यांना काढलं, आणि फेडायला मी. मी तर तेव्हा जन्मलो पण नव्हतो.

जेवलो. जेवायचं नाही असं ठरवलं होतं पण भूक लागलती. आबांनी विचारलं, परत होईल का रे अशी परीक्षा कुठं? नांदेडला होणार हाय, मी म्हणलं, दिवाळीनंतर. आबांचं तोंड जरा उजळलं. म्हणाले, मग ह्या वेळी चांगली घे, बघून घे. कुठली घेणार हाईस?

"घेईन," मी म्हणलं. "पण तुमाला सांगणार न्हाई."

आबांनी दोरी परत वळायला घेतली. पहिल्या गाडीनं मी लातूरला आलो.

आता रेंज चालू झाली. मी वर अभ्यासिकेत हजेरी घेतो आणि खालून आवाज येत राहतो. छर्रा कागदामागच्या रबरात घुसला तर बसका आवाज येतो, हुकून पत्र्याला लागला तर टण्. काल संध्याकाळी एकाच पोराचे लागोपाठ सहा टण् झाले. एवढं कुणी चुकत नाही. त्याची दुर्बीण ढिली झाली असणार. श्रीनाथ त्याला श्वास रोखायला सांगत होता, जिन्यातून ऐकू येत होतं.

मी पेन ठेवून दारापर्यंत गेलो. मग परत येऊन पुढचा रोल नंबर घेतला.