सोनखेडीचा एक

आकड्यांच्या बाबतीत गीतांजली खाष्ट सासूसारखी वागते, असं तिचे साहेब पंजाबराव गमतीनं म्हणत, आणि घरची खरी सासू इंदूबाई लोण्यासारखी मऊ असल्यामुळे ती ही थट्टा हसून घेई. अमरावतीच्या त्या कार्यालयात तालुक्यांच्या आकडेवारीचे लेख दरवर्षी अद्ययावत करण्याचं काम तिच्याकडे होतं. गेल्या वर्षापासून मसुदा एआय लिहून देत असे. पहिल्याच लेखात त्यानं एक अर्धा रिकामा तलाव आपल्या मनानं काठोकाठ भरून टाकला, लेख तसाच छापला गेला, आणि न वाचता सही ठोकणाऱ्या माणसाची अकोल्याला बदली झाली. तेव्हापासून तिचा नियम होता. मूळ तक्त्यात नाही ते लेखात नाही. प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडायचा, मगच त्यापुढे लाल पेन्सिलीनं टिक. आणि शेवटी, मसुदा एआयचा असून पडताळणी आपली आहे, असं स्वच्छ लिहून खाली स्वतःचं नाव. त्या नावाला बट्टा लागू नये, एवढीच तिची धडपड होती.

यंदा भातकुली तालुक्याचा लेख होता. या तालुक्यात काही रिठं आहेत, म्हणजे वस्ती कधीच उठून गेलेली, पण महसुलाच्या कागदावर नाव टिकून राहिलेली गावं. त्यांच्यापुढे लोकसंख्या शून्य असते. मसुद्यात मात्र सोनखेडीच्या रिठापुढे एक असा आकडा आला होता. तिनं तक्ता पाहिला, तिथं शून्यच होतं. तिनं दुरुस्ती केली, आणि सुधारलेल्या मसुद्यात पुन्हा एक आला. हा आकडा कुठून घेतला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "तुम्ही दिलेल्या तक्त्यातून."

"मॅडम, शून्य करा अन् मोकळ्या व्हा," पंजाबराव म्हणाले. "एका मानसानं काय फरक पडते?"

पण तिला ते पटेना. यंत्रानं चूक केली तर ती सुधारता येते. तीच चूक ते हट्टानं करू लागलं की मन खायला लागतं. पाहणी करणाऱ्यांनीच एखाद्या जिवाला वगळलं असेल तर? तो माणूस असताना शून्य लिहायचं, आणि खाली आपलं नाव? दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरूनच प्रवासी जीपमध्ये बसली. जीप सुटली आणि याच तालुक्यातलं तिचं राहतं गाव, धामणी खुर्द, मागे पडलं. ओसरीवर नवरा शेखर, लेक पौर्णिमा आणि तांदूळ निवडत बसलेल्या इंदूबाई तिला दिसल्या आणि उगाच बरं वाटलं.

सोनखेडीला शेजारच्या गावचे कोतवाल शालिकराम वाट पाहत उभे होते. सोयाबीनच्या शेतांमधून गेलेली पायवाट, एक चौथरा, शेंदूर लावलेला मारुती आणि चार-दोन जोत्यांचे दगड, एवढंच रीठ होतं. आदल्या दिवशीच्या पावसानं काळी माती चिकट झाली होती.

"इथं कोनी रायत नाई, मॅडम. शनिवारी मी मारुतीले तेल वाहाले येतो, तेवढंच."

तिनं तरीही सगळं रीठ पालथं घातलं. चूल नव्हती, राख नव्हती, वाळत घातलेलं एखादं फडकंही नव्हतं. तिनं वहीत शून्य लिहिलं, तारीख घातली, आणि तिच्या जिवाला शांत वाटलं. परत निघताना शालिकराम तिच्या पायांकडे पाहून म्हणाले, "चपलीची माती इथंच झटकून जा."

"काहून?"

"आमच्याकडं तशी रीत हाय. इथली माती संगं नेली तं मानूस इथलाच धरतेत."

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. पुढची जीप दोन तासांनी होती. ती हसली आणि तशीच पळाली.

दुपारी कार्यालयात येऊन तिनं आधी मूळ तक्ता उघडला. सोनखेडीपुढे एक होता. तिनं फाईल बंद करून पुन्हा उघडली, मग कपाटातली छापील प्रत काढली. त्यातही एकच. तालुक्याची बेरीज मात्र कालचीच होती, तिला ती तोंडपाठ होती. म्हणजे कुठून तरी एक कमी झाला होता. ती बोट फिरवत एकेक गाव खाली उतरत गेली. धामणी खुर्द काल बाराशे चार होतं, आज बाराशे तीन.

तिनं घरी फोन लावला.

"आई, मी गीता बोलून राहिले."

"कोन गीता?" इंदूबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मोजनीवाल्या हाय का, बाई? तुमाले त सांगतलं होतं. मी, शेखर अन् पोर्णिमा. आमी तिघंच."

मागून पौर्णिमा हसल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

गीतांजलीनं खाली पाहिलं. टेबलाखाली तिच्या चपलांची माती अजून ओलीच होती. समोर मसुदा होता, शेजारी तक्ता होता, आणि दोन्हींत सोनखेडीपुढे एक हाच आकडा होता. तिनं लाल पेन्सिल उचलली आणि नियमाप्रमाणे त्यापुढे टिक केली.