आईचे डोळे, लेकीचे बोट

मी एक जुनी धूळपाटी आहे, मित्रांनो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझे नावही ऐकले नसेल, आणि त्याचा मला थोडा रागच आहे. हातभर रुंद, दीड हात लांब सागाची फळी, चारी बाजूंना बोटभर उंच काठ आणि आत चाळून पसरलेली बारीक धूळ, एवढाच माझा संसार. शिकवणाऱ्याने धुळीत अक्षर काढायचे, शिकणाऱ्याने त्यावरून बोट फिरवायचे. चुकले तर तळहाताने धूळ सपाट करायची, की झाले.

१९०६ साली नरडाण्याजवळच्या एका गावात, घराची दारे करून उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवले. त्या घरातली तानू तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे वडील जेमतेम चार इयत्ता शिकलेले शेतकरी, पण लेकीला अक्षर आलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. तानूचा 'ळ' रोज आडवा पडायचा आणि ती माझ्यावरच डाफरायची. ते दिवस फार सुखाचे होते.

मग दगडी पाट्या आल्या. काळ्या, गुळगुळीत आणि हातातून निसटल्या की फुटणाऱ्या! तरी कौतुक त्यांचेच. मला ज्वारीच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवले. जवळजवळ तीस वर्षे मी उंदरांपासून ज्वारी राखली. कामात कमीपणा नसतो हे मला कळते. पण अक्षरांची सवय लागलेल्या फळीला रांजणाचे तोंड धरून बसणे जिवावर येते, हे खरे.

तानू मात्र पुढे गेली. कमी वयात नवरा वारला तेव्हा ती माहेरी परतली, धुळ्याला जाऊन मास्तरीण होण्याचे शिक्षण घेऊन आली आणि गावातल्या मुलींच्या शाळेवर लागली. शाळेत बावीस मुली होत्या. "बाई शिकवतात म्हणून पाठवतो," असे त्यांचे बाप म्हणत. तानुबाई गेल्या तर दुसऱ्या दिवशी त्या बावीसजणी कापूस वेचायला जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

१९४१च्या भाद्रपदात एका सकाळी तानुबाईंचे डोके भयंकर दुखले. दोन दिवस त्या पडून होत्या. उठून शाळेत गेल्या, फळ्यावर एक ओळ लिहिली आणि मुलींना वाचून दाखवायला वळल्या, तर त्यांना आपलेच अक्षर वाचता येईना! घरी येताना त्या दाराच्या उजव्या चौकटीवर आदळल्या आणि आईजवळ, झुंबरबाईंजवळ, बसून रडल्या.

"माय, मीच लिखं, आन माले वाचाले येत नही."

भाऊ पुना ओसरीवर होता. तो म्हणाला, "लिखाले येस आन वाचाले येत नही? असं कोठे व्हस का? तुले नोकरीना कटाळा वना, दुसरं काय!"

जळगावहून चष्मा आणला. वैद्याचे अंजन झाले. काही उपयोग झाला नाही. बाई सोंग करतात, असे गाव कुजबुजू लागले. त्यातच निरोप आला की दिवाळीनंतर डेप्युटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार आहेत. वाचता न येणाऱ्या मास्तरणीला ते कशाला ठेवतील?

शेवटी पुनानेच बहिणीला गाडीत बसवून अमळनेरला डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर तानुबाईंनी आईला जे समजावले ते मी रांजणावरून ऐकले. जेवढे मला कळले तेवढे तुम्हाला सांगते.

बघण्याचे काम डोळ्यांत संपत नाही, मित्रांनो. ते पुरे होते मेंदूत. मेंदूची दोन अर्धी असतात. समोरचे जे उजवीकडे दिसते ते डाव्या अर्ध्याकडे जाते आणि डावीकडचे उजव्या अर्ध्याकडे. दोन्हींच्या मध्ये बारीक धाग्यांचा एक जाड पूल असतो. त्यावरून खबर इकडची तिकडे होते, म्हणून आपल्याला सगळे सलग दिसते. पण अक्षरे ओळखणे हे बहुतेकांच्या डाव्या अर्ध्याचे काम. तानुबाईंच्या डाव्या अर्ध्यात मागच्या बाजूला रक्त पोचले नव्हते. तिथला बघण्याचा भाग दुखावला आणि पुलाचे टोकही दुखावले. त्यामुळे उजवीकडचे दिसेना. डावीकडचे अक्षर दिसे, पण ते पुलावरून पलीकडे जाईना. लिहिण्याचा भाग शाबूत होता, म्हणून लिहिता येत होते. सोंग कसले नि काय!

डॉक्टर म्हणाले होते, "औषध नाही. पण उजव्या हाताच्या बोटाची खबर पूल न ओलांडता डाव्या अर्ध्यात जाते. अक्षरावरून बोट फिरवून बघा."

तानुबाईंनी पुस्तकावर बोट फिरवले. अक्षरे इतकी लहान की बोटाखालीच झाकून जात. झुंबरबाई हे बघत होत्या. मग उठून रांजणाकडे आल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले.

"तुनी धूळपाटी शे ना! मी काढस मोठं, तू गिराव."

झुंबरबाई पासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना एक अक्षर येत नव्हते. त्यांनी पुस्तकातला आकार बघितला, रांगोळी काढावी तसा माझ्या धुळीत मोठा काढला. तानुबाईंनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले.

"माय, हाऊ 'म' शे!"

किती वर्षांनी माझ्यावर बोट फिरले होते! मला काय वाटले ते सांगता येत नाही. मी लाकूड आहे, नाहीतर रडलेच असते.

दोन महिने मायलेकी रोज बसल्या. आईने बघायचे आणि काढायचे, लेकीने गिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे. पुना स्वतः धूळ चाळून देऊ लागला. "मी उगाच बोलनू, अक्का," एवढेच एकदा पुटपुटला.

साहेब आले तेव्हा मीही शाळेत होते, झुंबरबाईंच्या मांडीवर. साहेबांनी बावीस मुलींना वाचायला लावले. सगळ्या वाचत होत्या. मग त्यांनी पुस्तक तानुबाईंपुढे धरले.

"साहेब, माझे डोळे वाचत नाहीत, बोट वाचते," तानुबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."

आई काढत गेली, लेक वाचत गेली. चार ओळींना अर्धा तास लागला. साहेब घड्याळ न बघता बसून होते. मग त्यांनी शेऱ्याची वही ओढली, मोठ्या बाळबोध अक्षरांत काही लिहिले आणि वही तानुबाईंपुढे सरकवली.

तानुबाईंनी बोट पुढे केले. त्यांनी आईकडे बघितले, पण झुंबरबाईंचे बोट माझ्या धुळीत उतरेना. त्या वहीवर वाकल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"शा... ळा. शाळा... चालू... ठे... ठेवावी."

झुंबरबाईंनी मान वर केली.

"तानू," त्या म्हणाल्या, "माले वाचाले वनं!"

मित्रांनो, त्याला आता सहा वर्षे झाली. शाळा चालू आहे. काल येत होते ते आज कुणाला जमेनासे झाले, तर त्याला खोटे ठरवू नका. त्याच्याजवळ बसा, दुसरी वाट सापडते का बघा. आणि तुमच्याही घरात अक्षर न आलेली कुणी आई असेल, आजी असेल, तर अभ्यास करताना पुस्तक जरा तिच्याकडे वळवून धरा. ती बघतेच आहे.