पातेल्याच्या कानावरचा चिमटा

भिंगरी एका जागी बसली की समजायचं, पोरीला ताप आलाय. तिचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण ते घरात फक्त ओरडताना बाहेर काढायचे. सतरा वर्षांत तिने पोहणं सोडलं, गिटार सोडली, शिवणाचा क्लास तिसऱ्या दिवशी सोडला आणि गेल्या वर्षी शाळाही सोडली. शाळा सोडली त्या दिवशी घरात असा धडाका उडाला की वरच्या मजल्यावरचे काका विचारायला खाली आले, गॅस तर नाही ना लीक झाला?

एक गोष्ट मात्र तिने सोडली नव्हती. स्वयंपाक.

त्याचं कारणही रागच. घरात माणसं पाच आणि पाचांच्या पाच वेळा. आई इस्पितळात नर्स, बहुतेक रात्रपाळीच. बाबा बस चालवायचे, पहाटे एक फेरी, दुपारी तासभर घरी, मग पुन्हा स्टिअरिंग. आत्या कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं तपासायची. धाकटा भाऊ अकरा वर्षांचा, दिसेल ते कुरतडायचा म्हणून उंदऱ्या. सगळे एकत्र घरात असायचे ते संध्याकाळी सात ते आठ, आणि त्या तासात काय, तर पाकिटं फोडायची. मसाल्याची पुडी, गरम पाणी, झालं जेवण. एक दिवस भिंगरीने पाकीटच भिंतीवर फेकून मारलं. "मी करते उद्यापासून! कुत्रंही हुंगणार नाही असलं!"

आणि खरंच केलं की. आईच्या वॉर्डात दहा मुलखांतल्या नर्सबाया. त्यांच्या डब्यांत काय असतं ते आईला विचारायचं, फोनवर व्हिडिओ बघायचे आणि एका पातेल्यात, पाऊण तासात, भरपूर भाज्या घालून उरकायचं. सोमवारी मेक्सिकोकडचे काळे राजमे, मंगळवारी जपानी सूप, कधी इथिओपियातली लाल मसूर. उंदऱ्या म्हणायचा, "आज कुठल्या विमानतळावर उतरलोय आपण?" पण ताट चाटून पुसून साफ करायचा.

मग तिने तो फॉर्म आणला. स्वयंपाकाचं शिक्षण, आठ महिने, खाली पालकांची सही. आईने वाचला, चष्मा काढला, परत घातला.

"हेही तिसऱ्या दिवशी सोडशील."

"नाही सोडणार."

"तुझ्या 'नाही'वर विश्वास ठेवून मी गिटार घेतली होती." आईने फॉर्म फ्रिजला चुंबकाने लावला. "तीस दिवस. रोज सातला घरचं जेवण. पाकीट नाही, खाडा नाही, वाया घालवणं नाही. तीस झाले की सही. एक चुकला, की गुपचूप शाळेत."

आज तिसावा दिवस होता. फॉर्म भरायची मुदत उद्या सकाळी संपत होती.

आता चिमट्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या घरातल्या माणसांना एक खोड होती. स्वयंपाकघरातून जाताना पातेल्याचं झाकण उचलायचं, ढवळायचं आणि मदत म्हणून मीठ टाकायचं. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे घाईत विसरले असणार. चौथ्याच दिवशी मसुरीत दोनदा मीठ पडलं, तेव्हा भिंगरीने कायदा केला. दोरीवरचा कपड्यांचा लाल चिमटा. मीठ पडलं की चिमटा पातेल्याच्या कानाला लागणार. चिमटा दिसला तर मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही. चिमटा नसेल तर मीठ घाला आणि चिमटा लावा. कायदा एकदम चोख चालला. सव्वीस दिवस.

तिसाव्या दिवशी तिने मोरोक्कोकडचा बेत ठरवला. छोले, गाजर, भोपळा, सुके जर्दाळू, दालचिनी, जिरं. जोडीला कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वरून उकळतं पाणी ओतून झाकले की फुगतात. दुपारी दोनपर्यंत पातेलं तयार. मीठ घातलं, चाखलं, चिमटा लावला, गॅस बंद केला. आता सातपर्यंत करायचं काय? तिने ओटा दोनदा पुसला. फॉर्म काढून वाचला, परत लावला. तो तिरका वाटला म्हणून सरळ केला.

तेवढ्यात उंदऱ्या शाळेतून आला. दप्तर दारातच टाकलं आणि फ्रिजसमोर उभा राहून म्हणाला, "सही झाली तरी काय उपयोग? आत्या म्हणते आठ महिने लई लांब, तू आठ दिवसांत पळून येशील. मी तर पाच म्हटलंय."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. पैज लागलीय आमची."

डोक्यात सणक गेली. हाताला जे लागलं ते तिने फेकलं. हाताला लागला चिमटा. उंदऱ्या वाकला, चिमटा त्याच्या डोक्यावरून गेला आणि उघड्या खिडकीतून चौथ्या मजल्यावरून थेट खाली.

"नेम बघ!" उंदऱ्या खिदळला.

"गेलास उडत!" म्हणत ती चप्पल अडकवून बाहेर पडली. कारण विचाराल तर कोथिंबीर आणायची होती. दुकान इमारतीच्या समोरच होतं, दोन मिनिटांवर. पण ती बागेला चार चकरा मारून, पुलापर्यंत जाऊन, एका बंद दुकानाच्या काचेत स्वतःचा फुगलेला चेहरा बघून सहा वाजून वीस मिनिटांनी परत आली. पैज लावतात! माझ्यावर!

घरात आई न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. आत्या ताटं मांडत होती. भिंगरीने पातेलं गरम करायला ठेवलं आणि पळीभर रस्सा तोंडात घेतला.

आणि तशीच बेसिनकडे धावली.

"काय गं?" आत्या दचकली.

"मीठ! कोणी घातलं मीठ?"

आत्याने पदराशी चाळा केला. "मी एवढंसं घातलं बाई. पाचला आले तेव्हा. चिमटा नव्हता."

"मग लावायचा होता ना दुसरा!"

"मला तो लालच सापडेना."

दारात उंदऱ्या उभा होता. चेहरा असा, की भिंगरीला विचारावंही लागलं नाही. "तू चिडून गेलीस ना," तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत म्हणाला, "म्हणून मी मदत केली."

"मी चिमटा फेकताना बघितलंस ना तू? मग मीठ घातलेलं नाही असं कसं वाटलं तुला?"

"मला वाटलं, रागात काढलास म्हणजे अजून घालायचंय."

तिने पातेलं दोन्ही हातांनी उचललं. सरळ बेसिनमध्ये ओतायचं, फॉर्म फाडायचा, उद्या शाळेचा दप्तर-डबा, सगळ्यांच्या मनासारखं. सोडून देणं तिला येत होतं. त्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. पातेलं बेसिनच्या कडेला टेकलं.

आत्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "थांब. कोपऱ्यावरून पाकिटं आणते. एका भांड्यात ओतू, वर कोथिंबीर. वहिनी घाईत असते, तिला काय कळतंय! तीस दिवसांत एकदा."

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं.

"नको," भिंगरी म्हणाली. तिलाच आश्चर्य वाटलं. "चाळणी दे. मोठी. उंदऱ्या, पाणी उकळायला ठेव, सगळ्यात मोठ्या भांड्यात. आणि मिठाच्या बरणीकडे बघूसुद्धा नकोस!"

रस्सा गाळून एका बाजूला काढला. छोले, गाजर, भोपळा उकळत्या पाण्यात बुडवून काढले, एकदा, दोनदा. भोपळ्याने जीव सोडला, त्याचं पार पिठलं झालं. होऊ दे. दुसरीकडे चार टोमॅटो, एक कांदा, जिरं, दालचिनी, आणि उरलेले जर्दाळू कात्रीने तोडून. मिठाचा कणही नाही. त्यात धुतलेल्या भाज्या. कुसकुसही अळणीच. तो खारट रस्सा मात्र तिने फेकला नाही. बर्फाच्या साच्यांत ओतला आणि फ्रीझरमध्ये सरकवला. पुढच्या दहा सुपांत एकेक वडी टाकली की मीठ-मसाल्याचं काम झालं.

सात वाजून चार मिनिटं. बाबा आत आले, टोपी खुंटीला, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "काय वास सुटलाय! बरं झालं, मी दुपारी आलो तेव्हा चिमटा नव्हता, मीठ घालून गेलो, नाहीतर तू विसरली होतीस."

आत्या फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

आई गणवेश घालून ताटावर बसली. तिने एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. भिंगरी बसलीच नव्हती, खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"भोपळा विरघळलाय," आई म्हणाली.

"हो."

"आणि मघाशी फ्रीझर उघडला, तर त्यात केशरी बर्फ कसला?"

आता सांगायला कितीतरी होतं. उंदऱ्याने घातलं, बाबांनी घातलं, आत्याने घातलं. तीन साक्षीदार ताटावर हजर. भिंगरीने तोंड उघडलं, बंद केलं.

"मी चिमटा फेकला खिडकीतून. रागात. मग सगळ्यांनी मीठ घातलं. त्यांची चूक नाही, चिमटाच नव्हता. धुऊन परत केलंय सगळं. पाकीट नाही आणलं."

आई ताटाकडे बघत होती. मग तिने भाकरीचा तुकडा मोडावा तसा कुसकुसचा ढीग बोटाने मोडला आणि म्हणाली, "साडेपाचला उठले, तेव्हा मीपण घातलं. चांगलं मूठभर."

"तरीच!" बाबा म्हणाले. "मी म्हटलं माझं चमचाभर एवढं कुठून होईल!"

"तुम्ही गप्प बसा. चमचाभर म्हणे! हात बघितलेत का तुमचे?"

सगळे एकदम बोलायला लागले, कोणाचं मीठ किती. आईने मात्र सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. पातेलं रिकामं झालं, उंदऱ्याने बोटाने कडा पुसली. घड्याळात साडेसात. फॉर्म फ्रिजवर, सरळ.

भिंगरीला ते सहन होईना. "मी चिमटा शोधून आणते," म्हणत ती जिन्याने खाली सुटली. इमारतीमागच्या झुडपात अजून दिसण्यापुरता उजेड होता. एक चेंडू सापडला, एकच मोजा, कोणाच्या तरी कुंडीचं खापर. तिने गुडघे टेकले, काट्यांत हात घातला. आई नाही म्हणाली तर म्हणू दे. आजच्या भाज्या धुऊन झाल्या होत्या, रस्सा फेकला नव्हता. ते आता कोणी परत घेऊ शकत नव्हतं.

मुळाशी काहीतरी लाल दिसलं. ती ओढणार, तोच वरून खिडकी वाजली.

"अगं भिंगरे!" आईचा आवाज अख्ख्या इमारतीला ऐकू गेला. "या घरात एक पेन धड चालेल तर शपथ! चालणारं कुठे ठेवलंयस? माझी गाडी येईल आता!"

भिंगरी काट्यांसकट उठली. चिमटा मुठीत, कोपराला ओरखडा. लिफ्ट तळमजल्यावरच उघडी उभी होती. ती जिन्याकडे पळाली.