बक्षिसाचं पुस्तक

धाकलूच्या डोक्यात एकदा संशय शिरला की बैलजोडी लावूनही तो बाहेर निघत नसे. अठ्ठ्याऐंशी साली अनुसयाबाईंनी देवळात कादंबरी वाचायला घेतली आणि पाचव्या दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली.

बाई खानापूरकडच्या. रामनगरच्या शाळेत आल्या त्या पत्र्याच्या पेटीत पाच कादंबऱ्या घेऊनच. सगळ्या विज्ञानाच्या, सगळ्या बक्षीस मिळवलेल्या, जन्मात एकदा तरी वाचाव्यात अशा, असं त्यांचं म्हणणं. एकीत म्हणे यंत्राला माहेरची आठवण येते. दुसरीत समुद्र अख्खं शहर गिळतो. ती नकोच म्हणाले लोक. सुप्याचं धरण भरलं, गाव तळाला गेलं, माणसं इथं येऊन बसली, त्याला चार वर्षंच झाली होती. पाणी बघून पोट भरलं होतं सगळ्यांचं. म्हणून तिसरी निवडली. पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर निघालेल्या एका गावाची. उठवलेली माणसं, आपल्यासारखीच. शाळा सुटली की रोज एक प्रकरण.

पहिले चार दिवस धाकलू खुशीत मान डोलवत ऐकत होता. देवाची पूजा त्याच्याकडे. गाव उठलं तेव्हा मूळपुरुषाचा दगड नव्या जागी आणायचा मान त्याच्याच घराण्याचा, आणि त्या दगडाला फुलं लावून कौल घेतल्याशिवाय कुणी पेरणी करत नसे की सोयरीक जुळवत नसे. आणि पाचव्या दिवशी बाईंनी काय वाचावं? यानातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं गावचा देव आणलेलाच नव्हता! घाईत तो मागंच राहिला होता, आणि म्हाताऱ्यानं भलताच दगड शेंदूर फासून बसवला होता.

धाकलूची डोलणारी मान थांबली. कारण त्यानं नेमकं हेच केलं होतं. पाणी उंबऱ्याला लागलेलं, दगड कंबरभर जमिनीत पुरलेला, हलता हलेना. शेवटी वाटेत गणेशगुडीला ट्रक थांबला तेव्हा नदीकाठचा एक काळा गोटा उचलून त्यानं घोंगड्यात गुंडाळला. बघितलं कुणी नव्हतं. मग पुस्तकवाल्याला सांगितलं कुणी?

पहिला संशय बायकोवर. केशर रोज बाईंना ताक नेऊन देत होती. ताक द्यायला एवढा वेळ लागतो? तो दोन दिवस तिच्या मागं मागं गेला, आडून ऐकलं, तर दोघी लोणच्याच्या खाराबद्दल बोलत होत्या. म्हणजे नक्कीच काहीतरी लपवत होत्या!

मग त्यानं बाईंनाच गाठलं आणि साळसूदपणे विचारलं, हे पुस्तकातलं खरं असतं काय हो? बाई हसल्या. म्हणाल्या, सगळं मनातलं असतं, पण पाच जाणत्या माणसांनी पारखून याला पहिलं बक्षीस दिलं आहे. झालं, इथंच घोळ झाला. हल्याळच्या बाजारात खोंडाला बक्षीस देतात तेव्हा दात मोजतात, खूर उचलून बघतात. खोट्या खोंडाला बक्षीस कोण देईल? पाच जणांनी पारखलं म्हणजे पारखायला आले असणार. गेल्या साली दोन चष्मेवाले देवळाचे फोटो काढून गेले होते, तेही त्याला आठवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. भात गोड लागेना, पूजेला बसला की मंत्र विसरे. गावासमोर उघडं पडायचं, या भीतीनं बिचारा अर्धा झाला.

आठव्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं आणि धाकलू उभाच राहिला.

"बाई, ह्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं, मामा?"

"त्या गोट्याचं. गणेशगुडीच्या."

बाईंना कळेना. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान काढून त्याच्यापुढं धरलं. "मामा, हे बारा वर्षांपूर्वी छापलंय. तेव्हा धरणाची भिंतसुद्धा पुरी झाली नव्हती. आणि गणेशगुडीचं नाव यात कुठंच नाही."

देवळात चाळीस माणसं होती. सगळ्यांनी एकदम गाभाऱ्यातल्या दगडाकडं बघितलं. धाकलूनं केशरकडं बघितलं. ती त्याच्याकडं अशी बघत होती की हे ती पहिल्यांदाच ऐकत होती हे त्याला तेव्हा समजलं. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

मागून बाबुराव उठले. गावातलं जाणतं माणूस, कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही.

"माझ्या रुक्मिणीची सोयरीक मोडली, ती ह्याच गोट्याच्या कौलानं न्हवं? तीन वर्सं झाली. पोर अजून घरात हाय."

बाई गडबडल्या. म्हाताऱ्याला पुढं गावानं सांभाळून घेतलं, शेवटचं प्रकरण फार सुंदर आहे, लगेच वाचते, म्हणत घाईघाईनं पानं उलटू लागल्या.

"पुस्तक मिटा, बाई," बाबुराव म्हणाले. "ह्या म्हाताऱ्याचं काय करायचं, ते आमी बघतो."